गोड शेवटाचा हिशेब

दिवाळी ओसरली की वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून दिवाळी अंकांचे परामर्श येऊ लागतात आणि त्या परामर्शांत एक वाक्य बहुधा ठरलेले असते. अमुक अंकातील वैचारिक लेख संग्राह्य आहेत, तमुक अंकातील परिसंवाद समयोचित आहे. कथाविभाग मात्र नेहमीच्याच वळणाचा, कौटुंबिक आणि गोडगोड झाला आहे. हे वाक्य लिहिणाऱ्या परीक्षकाच्या घरात तोच अंक दोन-तीन हातांतून फिरून आलेला असतो आणि त्याची पाने कोठे दुमडलेली असतील तर ती परिसंवादाची नसतात. इतक्या आवडीने वाचल्या जाणाऱ्या आणि इतक्या सहजपणे निकालात काढल्या जाणाऱ्या या कथेचा एकदा शांतपणे विचार व्हावयास हवा.

कथा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. घराशी अबोला धरून वर्षानुवर्षे शहरात राहिलेला मुलगा वसुबारसेच्या सुमारास गावी परततो. वडील थकलेले, पण मानी. थोरल्या भावाने एकट्याने वाडी सांभाळलेली असते व त्याचे शल्य त्याच्या मनात असते. धनत्रयोदशीला माळ्यावरच्या ट्रंकेत आईने लिहिलेले, पण टपालात कधीच न पडलेले एक पत्र सापडते. नरकचतुर्दशीच्या पहाटे, उटण्याच्या वासात, दोघा भावांतला पहिला संवाद घडतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गावातल्या शाळेत शिकविणारी, एकेकाळची मैत्रीण पणती घेऊन दारात उभी राहते. ती अद्याप अविवाहित का राहिली हे तिला विचारावे लागत नाही. पाडव्याला लग्नाची बोलणी होतात व भाऊबीजेला रुसलेली बहीण येते. पंचांगातील तिथी आणि कथानकातील टप्पे यांची अशी सांगड दुसऱ्या कोणत्या वाङ्मयप्रकारात क्वचितच पडली असेल.

अशा कथा वाचण्यात आनंद आहे, तो निर्भेळ आहे आणि त्याबद्दल कोणी खजील होण्याचे कारण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. या कथांविरुद्ध एक तक्रार मात्र करण्याजोगी आहे व ती टीकाकार नेहमी करतात त्या तक्रारींहून निराळी आहे. शेवट गोड होतो हा माझ्या लेखी दोष नव्हे. त्या गोडव्याची किंमत कथेतल्या नेमक्या कोणत्या पात्राने मोजली, हे लेखक सहसा सांगत नाही, आणि आपणही विचारीत नाही.

या प्रकाराची कुळकथा थोडक्यात सांगितली पाहिजे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली सुरू केलेल्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली खास दिवाळीचा अंक काढला आणि मराठीत एक परंपरा रूढ झाली. इंग्रजी नियतकालिकांत नाताळचे खास अंक त्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ निघत होते. चार्ल्स डिकन्स स्वतः १८५० पासून आपल्या साप्ताहिकाचे असे अंक सजवीत असे. सुट्टी, सण आणि कथा यांचे हे नाते दोन्हीकडे एकाच गरजेतून निर्माण झाले. मित्रांनी आपल्या मासिकाला ‘मनोरंजन’ हे नाव दिले. त्याआधी १८९० साली हरि नारायण आपट्यांनी आपल्या साप्ताहिकाचे नाव ‘करमणूक’ ठेवले होते. करमणूक या शब्दाची त्या पिढीला लाज वाटत नव्हती. ती लाज नंतरच्या, अधिक शिकलेल्या पिढ्यांनी कमावली.

गंमत अशी की, त्या ‘करमणूक’मधून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीतील घर मुळीच ऊबदार नाही. एका बालविधवेचा त्या घरात जो छळ होतो तो वाचताना आजही अंगावर काटा येतो. १८५७ सालच्या बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’चा विषयही विधवांची दैना हाच. म्हणजे मराठी कादंबरीने आपल्या आरंभकाळात एकत्र कुटुंबाकडे पाहिले ते फिर्यादीच्या दृष्टीने. मग हेच कुटुंब दिवाळी अंकांत येईतो इतके गोड कसे झाले? याचे उत्तर वाङ्मयापेक्षा नोकरीच्या बाजारात शोधावे लागते. जो एकत्र कुटुंबात राहतो तो त्याच्या जाचाबद्दल लिहितो. जो ते सोडून गिरगावात वा दादरला दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटतो त्याला त्याच्या ओसरीची आठवण येऊ लागते. मासिक पगार, रेल्वे, चाळ आणि वर्षाकाठी मिळणारी दिवाळीची सुट्टी यांनी घडविलेला जो मध्यमवर्ग, त्याला कुटुंब दुरावल्यावरच ते गोड लागू लागले. दिवाळी अंकातील परतीची कथा ही या स्थलांतरित वर्गाची कथा आहे. त्या अर्थाने ती जितकी भाबडी दिसते तितकी भाबडी नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात हा मळा फुलविला तो मुख्यतः लेखिकांनी. योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, स्नेहलता दसनूरकर, कुसुम अभ्यंकर, सुमती क्षेत्रमाडे ही नावे घेताच वाचनालयातल्या, ब्राऊन कागदाची कव्हरे घातलेल्या आणि शिवण सैल झालेल्या प्रती डोळ्यांपुढे येतात. या बायांना जगाची माहिती नव्हती असे कोणी म्हणू नये. क्षेत्रमाडे व्यवसायाने डॉक्टर होत्या. अभ्यंकर रत्नागिरीतून विधानसभेवर निवडून आल्या होत्या. घरे कशी मोडतात हे त्यांनी पाहिलेले होते, आणि तरीही त्यांनी ती सांधणाऱ्या गोष्टी लिहिल्या. ‘माहेर’ नावाचे मासिक निघाले आणि ते घरोघर गेले, या एका गोष्टीवर समाजशास्त्रज्ञांनी एखादा प्रबंध लिहावयास हरकत नव्हती. ज्यांना माहेरी जाणे जमत नव्हते त्यांच्याकडे ‘माहेर’ टपालाने येत होते.

या कथांतील प्रणयाबद्दलही एक उपकथा सांगण्यासारखी आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा प्रसिद्ध झाली. ती अश्लील ठरवून मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९ साली त्या न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष ठरविले. कोवळ्या वयाच्या वाचकाला या विषयाचा स्पर्शच होऊ नये असा दंडक घातला तर लेखकांनी केवळ धार्मिक लेखन करावे असे म्हणावे लागेल, अशा आशयाचे मत त्या निकालात आहे. दिवाळी अंकातील एका प्रेमकथेने देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला वाङ्मयविचार करावयास लावला, ही त्या काळच्या गंभीर समीक्षेने फारशी न मिरविलेली कामगिरी होय.

आता या वाचनाच्या अर्थशास्त्राकडे वळू. महाविद्यालयात पहिल्या वर्षाला घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त शिकवावा लागतो. एखाद्या वस्तूचे नग आपण लागोपाठ उपभोगू लागलो की प्रत्येक पुढच्या नगापासून मिळणारे समाधान कमी कमी होत जाते. पाचवी करंजी पहिलीइतकी गोड लागत नाही. मग शेवट ठाऊक असलेली पाचवी कथा पहिलीइतक्याच गोडीने कशी वाचली जाते? टीकाकारांचे उत्तर असे की वाचक मूर्ख आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला असे उत्तर देण्याची मुभा नाही; गिऱ्हाईक जे पुनःपुन्हा विकत घेते ते त्याला हवे असते, एवढे धरूनच त्याला पुढे जावे लागते. माझ्या समजुतीप्रमाणे हा वाचक नावीन्य विकत घेतच नाही. तो हमी विकत घेतो. विम्याचा हप्ता भरणारा मनुष्य दर वर्षी नवीन काही मिळावे म्हणून तो भरीत नाही. जे आहे ते राहील, एवढ्या आश्वासनासाठी भरतो. ज्या घरात भावाभावांचे बोलणे खरोखरच तुटलेले आहे, मुलगा खरोखरच तीन वर्षांत आलेला नाही, त्या घरातील माणसाला दोनशे पानांत किंवा वीस पानांत ते सारे जुळून आलेले पाहावेसे वाटले, तर त्यात दुबळेपणा तो कोणता?

दुसरी गोष्ट वेळेची. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने केलेल्या वेळवापराच्या सर्वेक्षणानुसार, आपल्या देशात कोणत्याही एका दिवशी बिनमोबदला घरकाम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत शेकडा ८१ तर पुरुषांत शेकडा २६ होते. आणि जे करतात त्यांच्यापैकी स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवीत होत्या, पुरुष ९७ मिनिटे. हे वर्षभराचे सरासरी आकडे झाले. चकल्यांचा सोऱ्या आणि अनारशांचे पीठ यांच्या आठवड्यात ते कोठे जात असतील याची कल्पना ज्याने त्याने आपल्या स्वयंपाकघरात डोकावून करावी. अशा दिवसात मिळालेला वेळ सलग नसतो. दूध उतू जाईपर्यंतचा, पाहुणे उठून जाईपर्यंतचा, तळण निवेपर्यंतचा वेळ असतो. त्या वेळात वाचावयाचे लेखन असे असावे लागते की मधेच खाली ठेवता यावे, आणि पुन्हा उचलले तर धागा सापडावा. समीक्षक ज्याला ठोकळेबाज रचना म्हणतो ती या वाचकाची सोय आहे. सहा महिन्यांची अभ्यासरजा मिळणाऱ्या आम्हां प्राध्यापकांना हे सहसा उमगत नाही. अमेरिकेत जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘रीडिंग द रोमान्स’ या ग्रंथात एका लहान शहरातील प्रणयकथांच्या नियमित वाचक स्त्रियांशी बोलून जे टिपले ते याच्याशी जुळणारे आहे. पुस्तकात काय आहे याइतकेच, ते हातात असेपर्यंत आपल्यावर कोणाचा हक्क चालत नाही, याचे त्या स्त्रियांना मोल होते.

आणि हा व्यवहार स्वस्तही होता. अनामत रक्कम ठेवून, महिन्याची माफक वर्गणी भरून, एकच प्रत पन्नास घरांत फिरावी, ही खाजगी वाचनालयांची व्यवस्था म्हणजे ग्राहकांच्या सहकाराचा एक अनौपचारिक नमुनाच होय. ठराविक रक्कम भरा आणि सारे दिवाळी अंक पाळीपाळीने वाचा, ही योजना अनेक वाचनालयांतून आजही चालते. पुष्कळ वाचनालये मात्र मिटली आहेत. तीच कथा आता फोनच्या पडद्यावर मालिकेच्या रूपाने येते. अमेरिकेतील हॉलमार्क वाहिनी २००९ पासून दर वर्षी नाताळच्या आधी घरी परतणाऱ्या माणसांच्या चित्रपटांचा सपाटाच लावते. भूक जुनीच आहे.

येथपर्यंत मी वकिली केली. आता उलटतपासणी.

सणाच्या गोड कथेचा मूळपुरुष म्हणून ज्या कृतीकडे बोट दाखविले जाते ती डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’. १९ डिसेंबर १८४३ रोजी ती प्रसिद्ध झाली आणि पाच शिलिंग किंमत असूनही तिच्या सहा हजार प्रती नाताळपूर्वी खपल्या. (छपाईवर त्याने इतका खर्च केला होता की नफा अपेक्षेहून पुष्कळच कमी झाला, ही गोष्ट प्रकाशकांनी लक्षात ठेवावी.) कृपण, एकलकोंडा स्क्रूज एका रात्रीत बदलतो आणि आपल्या पुतण्याच्या घरी नाताळच्या जेवणास जातो. येथे कौटुंबिक समेट पुरा होतो, आणि आपल्याकडील बहुतेक कथाकारांनी येथेच लेखणी खाली ठेवली असती. डिकन्सने ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रूज कचेरीत येतो आणि आठवड्याला पंधरा शिलिंगांवर राबणाऱ्या आपल्या कारकुनाचा पगार वाढवितो. हृदयपरिवर्तन झाले याचा पुरावा म्हणून डिकन्सने अश्रू पुढे केले नाहीत. वेतनपत्रक पुढे केले. ही कथा गोड आहे, भाबडीही आहे. पण तिच्यात हिशेब चुकता झालेला आहे. आपण तिचा पूर्वार्ध उचलला आणि उत्तरार्ध तसाच ठेवला.

उत्तरार्ध ठेवला म्हणजे काय झाले, हे डहाणू तालुक्यातील चिखल्यासारख्या गावात उभे राहून पाहिले म्हणजे स्पष्ट दिसते. डहाणू आणि घोलवड यांच्या दरम्यान समुद्रकाठी वसलेले हे गाव. एका अंगाला सुरूची झाडे आणि लांबवर पसरलेली पुळण, दुसऱ्या अंगाला वाड्या. मुंबईच्या उपनगरी गाड्या २०१३ साली डहाणू रोडपर्यंत येऊ लागल्या, येथल्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि शनिवार-रविवारी गर्दी वाढली. मुंबईच्या माणसाच्या मनात दिवाळी अंकातील कथेचे जे गाव असते ते हुबेहूब असे असते. समुद्र आहे, वाडी आहे, कौलारू घर आहे, झोपाळा आहे. कथानायकाने परतावे असे गाव यापेक्षा वेगळे काढून दाखविता येणार नाही.

पण या पट्ट्यातील भावंडे एकमेकांशी बोलेनाशी होतात ती न मिळालेल्या पत्रामुळे नव्हे. चिकूचे झाड दीर्घायुषी असते; आजोबांनी लावलेल्या झाडाची फळे नातू काढतो. झाडे मोजून वाटता येतात. विहीर वाटता येत नाही, विहिरीकडे जाणारी वाट त्याहून वाटता येत नाही. एक भाऊ मुंबईत नोकरीला, दुसऱ्याने वीस-पंचवीस वर्षे खते घातली, पाणी दिले, मजुरांची मनधरणी केली. आता वाडीचा भाव पिकावरून ठरत नाही, समुद्र किती अंतरावर आहे यावरून ठरतो; तेव्हा अर्धा हिस्सा कोणाचा, आणि राबणाऱ्याच्या श्रमांची किंमत काय? हा प्रश्न वाईट माणसांचा नाही, चांगल्या माणसांचा आहे, म्हणूनच तो कठीण आहे. गैरसमज फुकटात दूर होतो. वाटणी फुकटात होत नाही. कथालेखक गैरसमजाचा आश्रय घेतो त्याचे कारण हेच की, त्यात कोणालाच काही सोडावे लागत नाही.

याच तालुक्यांतून मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वे आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग जात आहेत. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. भूसंपादनाचा मोबदला सातबाऱ्यावरील नावांना मिळतो, आणि त्या नावांत पन्नास वर्षांत न भेटलेली चुलत भावंडे निघतात. भूसंपादनाची नोटीस आज जितक्या भावंडांना एका दालनात आणून बसविते तितक्यांना भाऊबीजही आणीत नसेल. त्या दालनात जे समेट होतात त्यांच्यावर कोणी कथा लिहील तर ती मी अधाशासारखी वाचीन.

सर्वांत मोठी उधारी बहिणीच्या नावावर आहे. महाराष्ट्राने १९९४ साली कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला. ज्यांचे लग्न त्यापूर्वी झाले होते त्या मात्र वगळल्या गेल्या. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीने ते कुंपण काढले आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, २००५ च्या दुरुस्तीवेळी वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानेच येतो असा निर्वाळा दिला. कायद्याचे काम एवढे झाले. त्यानंतरचे काम हक्कसोडपत्र करते. वडिलांच्या पश्चात बहिणी निबंधकाच्या कचेरीत जाऊन आपला हिस्सा भावाच्या नावे सोडून देतात, नाममात्र मुद्रांकशुल्कात. आणि गावात त्याला ‘समजूतदारपणा’ म्हणतात. जी सही करीत नाही तिच्या वाटेचे भाऊबीजेचे ताट त्या वर्षी मांडले जात नाही.

आता या बहिणीला भोळी म्हणणे सोपे आहे, आणि ते चुकीचे आहे. तिचाही हिशेब आहे. सासरी काही बिघडले, नवरा गेला, मुलगा निघाला नाही, तर एक दार उघडे राहावे, म्हणून ती हिस्सा सोडते. मघाशी वाचकाच्या बाबतीत विम्याचा दृष्टान्त दिला. ही तोच विमा उतरवते. फरक हप्त्याचा आहे. वाचनालयाच्या वर्गणीत वाचकाला जे आश्वासन मिळते त्यासाठी ही लाखांची, आजच्या भावाने कदाचित कोटीची, मिळकत मोजते. आणि आपत्ती आलीच तर भरपाई मिळेल की नाही हे भावजयीच्या मर्जीवर राहते. जगातील कोणतीही विमा कंपनी इतक्या महाग दराने इतके कच्चे विमापत्र विकू धजणार नाही. दिवाळी अंकातील बहीण भाऊबीजेला येते, भावाला ओवाळते, डोळे पुसते, आणि वाचकाचेही डोळे ओलावतात. माझेही ओलावतात. पण तिने त्याआधी सही केली होती की नाही, हे कथेत नसते. जी कथा पंचांगातील एकेका तिथीचा नेम पाळते तिला दस्ताची तेवढी तारीख कशी आठवत नाही?

प्रणयाच्या बाजूचेही असेच. बारा वर्षे अविवाहित राहिलेली ती शिक्षिका लग्नानंतर शाळा सोडून मुंबईला जाते, की नायक नोकरी सोडून चिखल्याला राहतो? कथा पाडव्यालाच संपत असल्यामुळे लेखकाची या प्रश्नातून सुटका होते.

आणखी एक घर या कथांत येतच नाही. चिखल्याहून पूर्वेला, लोहमार्ग आणि महामार्ग ओलांडून तलासरीच्या वा आतल्या डहाणूच्या पाड्यांकडे गेले की वारल्यांची वस्ती लागते. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली लिहिले ते याच भागाविषयी, १९४५ च्या वारली उठावाविषयी. मराठी मध्यमवर्गाच्या दिवाळी अंकांचा तो भरभराटीचा काळ होता. पण त्याच जिल्ह्यातील ही दोन मराठी जगे एकमेकांना ओळखत नव्हती. वारल्यांचीही दिवाळी असते. वाघबारस होते, वाघदेवाची पूजा होते, तारपा वाजतो, रात्रभर नाच होतो. भात घरात येते. आणि मग, ज्या सुमारास आपल्या कथेतला मुलगा घरी परतून सुखी झालेला असतो, त्या सुमारास या पाड्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे, मुलाबाळांसह, वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात. म्हातारी माणसे आणि कोंबड्या मागे राहतात. मध्यमवर्गाच्या पंचांगात दिवाळी ही परतीची तिथी आहे. या पंचांगात ती जाण्याची आहे आणि परतीची तिथी होळी आहे. विशेष म्हणजे वाचनालयांतून दिवाळी अंकांची फिरतीही साधारण तेवढेच महिने चालते. म्हणजे आपण परतीच्या कथा वाचीत असतो नेमक्या त्याच काळात ही घरे बंद असतात.

या कथा वाईट आहेत असा याचा अर्थ कोणी काढू नये. वारली कुटुंब होळीला परतते तेव्हाचा आनंद गोड कथेच्या योग्यतेचाच आहे. कोणी तरी, बहुधा त्या पाड्यांतूनच शिकून पुढे आलेले कोणी तरी, ती लिहील. ती दुःखान्त असलीच पाहिजे असा आग्रह आपण शहरातल्यांनी धरणे हेही एक प्रकारचे शोषणच होईल. गरिबाने आपल्या कथेत फक्त दारिद्र्य लिहावे आणि गोड शेवट पोटभरलेल्यांसाठी राखून ठेवावा, अशी वाटणी गंभीर वाङ्मयाच्या नावाखाली बराच काळ चालत आली आहे. माझ्या मते ती त्या हक्कसोडपत्राइतकीच अन्यायाची आहे.

हिशेब मांडला तर कथा रूक्ष होईल, अशी भीती संपादकांना वाटत असावी. ती निराधार आहे. दोन भाऊ वसुबारसेला तलाठ्याकडे जातात, वाट कोणाच्या हद्दीतून जावी यावर दोन दिवस भांडतात, धाकट्याला थोरल्याच्या पंचवीस वर्षांच्या राबणुकीचा आकडा प्रथमच कळतो, बहिणीचे नाव सातबाऱ्यावर चढते, त्यावर भावजय दोन दिवस तोंड फिरवून बसते, आणि एवढे सगळे होऊनही भाऊबीजेला पाट मांडला जातो. या कथेतला शेवटचा पाट किती गोड लागेल! येथे कोणी कोणाला क्षमा करीत नाही, कोणाला उपकृत करीत नाही. आणि तरीही माणसे एकत्र जेवावयास बसतात. ज्यांनी आपल्या घरात अशी एखादी वाटणी निभावून नेली आहे त्यांना हा आनंद ठाऊक आहे. त्यांच्याकरिता अजून फारसे कोणी लिहिलेले नाही.

दिवाळी अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते आणि संपादकांची पत्रे लेखकांना पावसाळ्यापूर्वी जातात. शब्दमर्यादा, मजकूर पाठविण्याची अंतिम तारीख आणि मानधन यांचा उल्लेख त्यांत असतो. या वर्षीच्या पत्रात एका ओळीची भर घालावी, अशी माझी संपादकांना विनंती आहे: कथेत भाऊबीज असल्यास बहिणीचा हिस्सा कोणाच्या नावावर आहे, ते कृपया कळवावे.